माळढोक पक्षी अनुसूची एकमध्येच आहे, मग संरक्षण कमी झालं ते नेमकं कुठे?

प्रश्न बार्शीकडच्या एका शिक्षकांचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, ते १,२२२ वर आणलं. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विजेच्या तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या आणि २०२४ मध्ये तो आदेश मागे घेतला. वनकायदा बदलला, वन्यजीव कायदाही बदलला. तरी सरकारी उत्तरात ‘माळढोकाला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे’ हेच वाक्य येतं. यातलं खरं काय? आणि सोलापूरजवळच्या नान्नजला, म्हणजे याच अभयारण्यात, आता पक्षी दिसतच नसेल, तर उरलेलं अभयारण्य तरी कशाला ठेवायचं?

मी वन्यजीव आणि वनजमिनीच्या प्रकरणांत बरीच वर्षं वकिली करतो आहे. काही प्रकरणांत शेतकऱ्यांची बाजू मांडली, काहींत पक्षिमित्रांची. दोन्हीकडची कागदपत्रं हाताखालून गेल्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं वाटणार नाही, अशी आशा आहे. पण माझं मत ठाम आहे आणि ते मी लपवणार नाही.

आधी सरकारी वाक्याबद्दल. ते खोटं नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात माळढोक अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात अशा गुन्ह्याचा किमान दंड दहा हजारांवरून पंचवीस हजार झाला. म्हणजे बंदुकीपुरतं बोलायचं तर कायदा सैल झालेला नाही, उलट आवळला गेला आहे.

पण माळढोक आज मुख्यतः बंदुकीने संपत नाहीये. मोठा नर बारा-पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. मादी जमिनीवरच, गवतातल्या उघड्या जागी बहुधा एकच अंडं घालते. त्यावर गुराचा पाय पडला, कुत्र्याने ते नेलं, शेजारी पोकलेन फिरला, तर ते वर्ष गेलंच. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचं नीट दिसत नाही. उडताना मान खाली, नजर जमिनीकडे. समोर तार आली आणि शेवटच्या क्षणी दिसली तरी एवढं वजन वळवणं जमत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या थर वाळवंटातल्या अभ्यासातून प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचं आजचं सर्वांत मोठं कारण म्हणून विजेच्या ताराच पुढे आल्या. १९६९ च्या अंदाजानुसार देशात सुमारे १,२६० माळढोक होते. आज मोकळ्या रानात दीडशेच्याही आत आहेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात.

म्हणजे मारणाऱ्याला पकडणारं कलम शाबूत आहे, पण पक्षी मरतो जागा गेल्याने. जागा वाचवणारा कायदा वेगळ्या पद्धतीने चालतो. त्याला नकाशा लागतो, हद्द लागते, ‘वन’ म्हणजे काय याची व्याख्या लागते आणि परवानगी देणारी समिती लागते. गेल्या वीस-बावीस वर्षांत या चारही ठिकाणी काहीतरी सरकलं आहे. एखादं कलम रद्द झालं तर बातमी होते, लोक बोलतात. हद्द आत आली, व्याख्येला एक तारीख चिकटली, समितीची रचना बदलली, तर ते राजपत्राच्या एका पानावर राहून जातं. तुम्हाला ‘काहीतरी बिघडलंय, पण कलम तर तेच दिसतंय’ असं वाटतं ते म्हणूनच.

आता नान्नज. ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण कायदा कमजोर होण्याची सुरुवात नेहमी सरकारने सवलत दिल्यावरच होते असं नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या निरीक्षकांनी नान्नजच्या माळावरच्या या पक्ष्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथे काही तुकड्यांना संरक्षण मिळालं, गवत वाढलं आणि पक्षी टिकला. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेचे संशोधक ऐंशीच्या दशकात इथेच येऊन राहिले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा हद्द मात्र तालुकेच्या तालुके घेऊन आखली गेली: उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, आणि नगरकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. एकूण ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावठाणं आली, बाजारपेठा आल्या, राज्यमार्ग आणि रेल्वे आली. खरं गवताळ माळरान त्यातला अगदी थोडा भाग होता.

अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की कलम २० लागू होतं. त्या हद्दीत, वारसाहक्क सोडून, जमिनीवर नवा हक्क निर्माण करता येत नाही. मग कलम १९ ते २५ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक हक्काची चौकशी करायची, कुठली जमीन घ्यायची, कुठली वगळायची, कुठले हक्क चालू ठेवायचे ते ठरवायचं. कायद्याने आखलेला हा रस्ता न्याय्य आहे. पण देशात अनेक अभयारण्यांत ही चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि लोक मधल्यामध्ये अडकून राहिले.

या पट्ट्यातले एक आजोबा माझ्याकडे आले होते. चार एकर जिराईत, भावांत वाटणी झालेली, विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं. बँकेने अभयारण्यात नसल्याचा दाखला मागितला. तहसील कचेरीने वन विभागाकडे पाठवलं, वन विभागाने नकाशाचं काम चालू आहे म्हणून परत पाठवलं. पिशवीत सातबारा, फेरफार, सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या नीट घड्या घालून ठेवलेल्या. ते म्हणाले, “वकीलसाहेब, ते पाखरू आमच्या तुरीत चालायचं. मी पोरांना सांगायचो, दगड मारू नका रे. आता गावात कुणी त्याचं नाव घेतलं तरी लोक चिडत्यात.”

मी हे सांगतोय ते या वाक्यासाठी. माणसाच्या चार एकरांवर बंधन घातलं आणि त्याला ना मोबदला दिला, ना उत्तर, तर तो कायदा कागदावर कितीही मोठा असला तरी जागेवर त्याला कुणी वाली राहत नाही. आणि हद्द कमी करायची मागणी आली की विरोध करायला फक्त शहरातले पक्षिमित्र उरतात.

मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या करेराला हेच झालं. १९८१ मध्ये तिथे माळढोकासाठी सुमारे २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, बरीचशी जमीन खाजगी. जमिनीचे व्यवहार थांबले, राग साठत गेला, नव्वदच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. पक्षी गेल्यावरही बंधनं चालूच राहिली आणि लोकांना आणखी कितीतरी वर्षं झगडावं लागलं. शेवटी अभयारण्यच रद्द झालं. एकाच ठिकाणी पक्षी, शेतकरी आणि कायदा तिघेही हरल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे हद्द कमी झाली ती सुप्रीम कोर्टाच्या संमतीने, आणि ८,४९६ चे १,२२२ झाले. यावर माझं मत बऱ्याच पक्षिमित्रांना आवडत नाही. हद्द कमी करणं गरजेचंच होतं. अख्खे तालुके अभयारण्यात ठेवून कुणाचंच रक्षण होत नव्हतं. माझी तक्रार पुढच्या अर्ध्या कामाबद्दल आहे. हद्द आत घेताना सौदा असा व्हायला हवा होता: खाजगी शेतं मोकळी करा आणि त्या बदल्यात आतलं प्रत्येक माळरान, प्रत्येक गायरान, पक्ष्याच्या येण्याजाण्याचा प्रत्येक पट्टा पक्का धरा. मोजणी करा, सीमांकन करा, गवत राखणाऱ्या गावांना पैसे द्या. पहिलं झालं. दुसरं तुटपुंजं झालं. शेजारी उजनीचं पाणी आलं, ज्वारी-तुरीच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या. सोनाका हे नामांकित द्राक्षवाण नान्नजचंच आहे, आणि त्या शेतकऱ्यांच्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे. पण बागेचे खांब, तारा, फवारणी, रात्रीची वर्दळ, हे सगळं कोरडवाहू शिवारात वावरणाऱ्या पक्ष्याला परकं आहे. माळाचे तुकडे एकमेकांपासून तुटत गेले.

याच परिसरात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे: जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, वनजमिनीवरचं. तिथे काळवीट टिकला आणि वाढला. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचं, तिथे चिंकारा आहे. छोटी पण ठाम हद्द काय करू शकते ते या दोन ठिकाणी दिसतं. माळढोकाला मात्र एवढंसं पुरत नाही. तो ऋतूप्रमाणे लांबलांब फिरतो, त्याला विणीसाठी शांत गाभा आणि भोवती मोकळं कोरडवाहू शिवार, दोन्ही लागतं. म्हणूनच त्याचं कायदेशीर संरक्षण आखणं अवघड, आणि म्हणूनच ते नीट आखायला हवं होतं.

हद्द कोण बदलू शकतं, हेही बदललं आहे. १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६-अ आलं. त्यानुसार अभयारण्याची हद्द बदलायची तर राज्याच्या विधिमंडळाचा ठराव लागायचा. सभागृहात चर्चा, आमदारांची नावं, वर्तमानपत्रात बातमी. पुढे २००२ च्या दुरुस्तीत त्या जागी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आली. कागदावर हे अधिक तज्ज्ञ वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण मंडळाची बैठक सप्टेंबर २०१२ नंतर थेट मार्च २०२५ मध्ये, गीरला झाली. मधल्या सगळ्या काळात कारभार मंडळाच्या स्थायी समितीने पाहिला, आणि त्या समितीसमोर एकेका बैठकीत प्रस्तावांचा ढीग असतो. एवढ्या घाईत कुठल्या माळावर कुठला पक्षी वीण करतो याची शहानिशा होऊ शकत नाही. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २००० ला अभयारण्यांची हद्द परस्पर कमी करायला मनाई केली होती. तो आदेश नसता तर आज किती अभयारण्यं नकाशावर उरली असती, कोण जाणे.

समितीकडून कलम २९ खाली रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी यांना परवानग्या मिळतात. कलमाचे शब्द कडक आहेत: अधिवासाला धक्का लावायची परवानगी द्यायची ती वन्यजीवांच्या हितासाठीच. व्यवहारात प्रकल्पाला चार अटी जोडल्या जातात, दोन भुयारी मार्ग, थोडा निधी, आणि मग प्रकल्प त्या कसोटीला उतरला असं धरलं जातं. अटी पाळल्या का हे तपासायला कुणी पुन्हा जात नाही. मी माहिती अधिकारात अशा अटींचे पूर्तता अहवाल मागतो, तेव्हा बहुतेक वेळा कंपनीने स्वतःच भरून दिलेला तक्ता हातात पडतो.

आता राजस्थान-गुजरातकडचं प्रकरण, कारण माळढोक जगेल की नाही ते तिथे ठरणार आहे.

२०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह सुप्रीम कोर्टात गेले. १९७२ च्या कायद्याचा मसुदा करण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच सत्तेचाळीस वर्षांनी त्या कायद्यातल्या एका पक्ष्यासाठी दाद मागत होते. १९ एप्रिल २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने प्राधान्य आणि संभाव्य अशा दोन्ही क्षेत्रांत कमी दाबाच्या तारा भूमिगत करायला सांगितल्या, उच्चदाबाच्या जिथे शक्य असतील तिथे, आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर लावायला. हे सगळं क्षेत्र मिळून सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर होत होतं. केंद्र सरकार पुन्हा कोर्टात गेलं: एवढ्या उच्चदाब वाहिन्या भूमिगत करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, आणि देशाची सौर आणि पवन ऊर्जा याच वाळवंटात आहे. २१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे, असंही म्हटलं गेलं.

बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ ‘कोर्टाने माळढोकाला सोडलं’ असा लावला. मी तसं म्हणणार नाही. ९९,००० चा आदेश मला नान्नजच्या ८,४९६ ची आठवण करून देत होता. हेतू स्वच्छ, पण हद्द एवढी मोठी की ती पाळली जाणार नाही हे सगळ्यांना माहीत, आणि म्हणून ती मागे घ्यायला कारण तयार. डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने समितीच्या शिफारशींवरून राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचं सुधारित प्राधान्य क्षेत्र मान्य केलं आणि तिथे नव्या तारांवर आणि मोठ्या प्रकल्पांवर बंधनं घातली. क्षेत्र लहान आहे, पण ठाम आहे. मी याच्या बाजूने आहे, एका अटीवर: या रेषेच्या आत यापुढे एकही ‘अपवादात्मक बाब’ येता कामा नये. माझा अनुभव सांगतो की मोठी हद्द एका आदेशाने जाते आणि लहान हद्द एकेका अपवादाने. दुसऱ्या प्रकाराकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि सहा वर्षांच्या कोर्टकज्ज्यात उभ्या राहिलेल्या तारा तिथेच आहेत. सगळ्या देशात दीडशेच्या आत पक्षी असताना वर्षाला मोजके जरी तारांवर आदळले तरी हिशोब तिथेच संपतो.

जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्माला आलं. आज केंद्रांत साठहून अधिक पक्षी आहेत, आणि हे काम करणाऱ्यांना मी मनापासून मानतो. पण हे पक्षी सोडायचे कुठे, हा प्रश्न पुन्हा जमिनीवरच येतो. तार आणि खांब जसेच्या तसे ठेवून सोडलेला पक्षी तारेवरच जाणार.

वनकायद्याबद्दल. २०२३ च्या दुरुस्तीने १९८० चा वन (संवर्धन) कायदा कुठे लागू होईल ते आखून टाकलं: कायद्याने अधिसूचित वन, किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंद असलेली जमीन. १९९६ च्या गोदावर्मन निकालाने मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, असं सांगितलं होतं. ते छत्र यामुळे आक्रसत होतं. १९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेशाने जुनाच अर्थ तूर्त चालू ठेवला. तेवढ्यावर सध्या गाडी चालली आहे. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामरिक रस्ते-रेल्वेसारख्या प्रकल्पांना सूट आहे, आणि जैसलमेरच्या माळढोकाचा बराच मुलूख याच पट्ट्यात येतो. तिथली ‘ओरण’ म्हणजे आपल्या देवराया. गावांनी पिढ्यानपिढ्या देवाच्या नावाने राखलेली गवताळ जमीन. महसूल दप्तरात त्यातली कितीतरी ‘पडीक’ म्हणून लिहिलेली आहे.

‘पडीक’ हा शेरा माळरानाच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. वनजमीन प्रकल्पासाठी मागितली की केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज येतो. त्याचा दुसरा भाग उपवनसंरक्षक भरतात. त्यात झाडोऱ्याची घनता लिहायची असते. माळावर झाडं नसतात, म्हणून घनता शून्याच्या जवळ. त्यावरून जमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य ठरतं, म्हणजे प्रकल्पाने भरायची रक्कम, आणि घनता कमी तर मूल्य कमी. कुसळी, शेडा, पवन्या, मारवेल यांनी भरलेला, धाविक आणि चंडोलांची वीण असलेला, लांडगा-खोकडांची बिळं असलेला माळ कागदावर ‘अवनत वन’ ठरतो आणि स्वस्तात जातो. एवढ्यावर थांबत नाही. दुसरीकडे कुठे जंगल तोडलं की त्याच्या भरपाईची झाडं लावायला हाच ‘अवनत’ माळ निवडतात. खड्डे खणून त्यात गिरिपुष्प किंवा कडुनिंब लावतात. कर्नाटकातल्या राणीबेन्नूरला निलगिरीची लागवड झाली आणि माळढोकाचा उघडा माळ गेला. जंगल वाचवायला केलेल्या तरतुदीने माळरान संपवलं, हे आपल्या व्यवस्थेत आजही चालू आहे, आणि यासाठी कायदा बदलावाही लागत नाही.

वनजमीन नसेल तर एवढीही तपासणी नाही. सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. रात्री पंप चालू करायला जाऊन साप चावलेले लोक मी पाहिले आहेत. पण गायरान रिकामं नसतं. त्यावर गावाची शेळ्या-मेंढरं असतात, धनगरांची वाट असते आणि माळाचे पक्षी असतात. प्रकल्पाची जागा ठरवताना वन विभागाच्या वन्यजीव शाखेचं एक पानी मत घेणं आजही सक्तीचं नाही. मला विचाराल तर एवढी एक ओळ शासन निर्णयात घातली तरी बरंच काही वाचेल.

तुम्ही कदाचित विचाराल, हे आपल्याकडेच का? नाही. अमेरिकेत १९७३ चा धोक्यातल्या प्रजातींचा कायदा आहे. त्यात प्राण्याला ‘इजा’ करायला बंदी आहे आणि १९७५ पासून नियमांत या इजेत अधिवास उद्ध्वस्त करणंही धरलं जात होतं. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही व्याख्याच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. कायद्याचं कलम तेच, यादी तीच. फक्त जंगल तोडणं म्हणजे पक्ष्याला इजा करणं नव्हे, असं ठरवायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: नान्नजला पक्षी नसेल तर अभयारण्य कशाला?

नव्वदच्या दशकात तिथल्या गणनेत माळढोक दोन आकडी यायचे. अलीकडे एखादी मादी दिसली तरी बातमी होते. तरीही अभयारण्य रद्द करायला माझा पूर्ण विरोध आहे. पहिलं कारण कायद्याचं. प्रजननातून वाढलेले पक्षी उद्या महाराष्ट्रात सोडायचे म्हटले तर त्यासाठी संरक्षित गवताळ प्रदेश आधीपासून हातात असावा लागेल. एकदा रद्द केलेलं क्षेत्र पुन्हा जाहीर करायचं म्हणजे परत कलम १८ पासून सुरुवात, परत कलम २०, परत तोच संताप. आजच्या जमिनीच्या भावात ते होणार नाही. दुसरं कारण म्हणजे तिथे जे आहे ते. काळवीट, लांडगा, खोकड, पावसाळ्यात येऊ शकणारा तणमोर (माळढोकाचाच छोटा नातेवाईक), हिवाळ्यात उतरणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी. तणमोर स्वतः अतिसंकटग्रस्त आहे. माळढोक नाही म्हणून माळ निरुपयोगी, हा युक्तिवाद एकदा मान्य केला की पुढच्या प्रत्येक अभयारण्यात आधी प्राणी संपू द्यायचा आणि मग जमीन मोकळी मागायची, हा मार्ग खुला होतो.

पण आहे तसं ठेवणंही पुरेसं नाही. १,२२२ मध्ये अजूनही जी खाजगी शेतं आहेत, त्यांच्या हक्कांची चौकशी एकदाची पूर्ण करून ज्याला त्याला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. गाभ्यातल्या वनतुकड्यांवरची गिरिपुष्पाची लागवड टप्प्याटप्प्याने काढून गवत परत आणलं पाहिजे. अभयारण्याला लागून असलेल्या सरकारी माळांना कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र करता येतं. त्यात खाजगी जमीन येत नाही, गावातल्या प्रतिनिधींना व्यवस्थापनात जागा मिळते आणि सातबाऱ्यावर बंधन येत नाही. जिरायती ज्वारी, तूर, करडई चालू ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल पैसे देण्याची योजना हवी. त्याने ऊस लावला नाही म्हणून त्याचं जे उत्पन्न बुडतं, ते त्याच्या एकट्याच्या खिशातून जाता कामा नये.

तुमच्यासारख्यांनी काय करायचं, तर मथळ्यांपेक्षा कागद बघा. परिवेश पोर्टलवर आपल्या जिल्ह्याचे प्रस्ताव आणि स्थायी समितीच्या बैठकांचं इतिवृत्त कुणालाही वाचता येतं. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना निघाली की हरकतींना साठ दिवस मिळतात. हरकत मराठीत लिहा, गट क्रमांक लिहा, त्या गटात कुठल्या महिन्यात काय पाहिलं ते फोटोसह लिहा. ‘निसर्ग वाचवा’ एवढ्याच मजकुराच्या शंभर हरकती एका ओळीत निकाली निघतात. गट क्रमांक असलेल्या एका हरकतीला अधिकाऱ्याला मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे न्यायालयात उपयोगी पडतं. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचं म्हणणं २०२२ च्या नव्या वन नियमांनी केंद्राच्या मंजुरीच्या टप्प्यावरून मागे ढकलून राज्याकडे सोपवलं आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव अर्ज आल्याबरोबर, पहिल्याच महिन्यात करा आणि जिल्हाधिकाऱ्यांची पोच घेऊन ठेवा.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या गायरानांची गावनिहाय यादी तहसीलमध्ये अर्ज केला तर मिळते. शाळेतल्या मुलांना घेऊन त्यातली दोन-चार गायरानं पावसाळ्याआधी आणि नंतर पाहून आलात आणि काय दिसलं ते गट क्रमांकानिशी लिहून ठेवलंत, तर पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा त्या जमिनीबद्दल ‘पडीक’ या शेऱ्याशिवाय दुसरी नोंद अस्तित्वात असेल. कागद तयार झाले की मला पाठवा. हरकतीचा मसुदा मी करून देईन.